मंजूर, पण आम्हांला लागू नाही!

सप्टेंबर महिन्यात आमच्या वारणाकाठी दोन गोष्टींना ऊत येतो. एक ओढ्यांना आणि दुसरी सर्वसाधारण सभांना. उसाचे गाळप सुरू व्हायला अजून अवकाश असतो. तोवर साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था या साऱ्यांचे मंडप पडतात, अहवाल वाचले जातात, आणि 'मंजूर, मंजूर'च्या आरोळ्यांनी पत्र्याचे छत हादरते. अशाच एका सभेच्या दिवशी माझा धाकटा भाऊ मालवणाहून आमच्याकडे वारणानगरला आला होता. घरी एकटा बसून काय करणार, म्हणून मी त्याला बरोबर घेतले आणि मंडपाच्या कडेला उभे केले.

मी मूळचा मालवणचा. १९७८ साली पोटामागे फोंडा घाट चढून वर आलो. ऊस कसा चोखावा एवढेच ठाऊक असताना ऊसनोंदणीच्या कामाला लागलो आणि त्याच कामात म्हातारा झालो. भाऊ मात्र समुद्र सोडून आला नाही. तो अजून रापणीवर जातो. त्यामुळे ही सभा म्हणजे त्याला नवलच होते. विषय क्रमांक चार पुकारला गेला. पुढून 'मंजूर'चा गजर झाला. एका कोपऱ्यातून पाच-पंचवीस जणांनी हात उंचावून 'नामंजूर, नामंजूर' केले. थोडी ढकलाढकली झाली, अध्यक्षांनी ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि सभा विषय क्रमांक पाचकडे वळली.

भावाने मला हळूच विचारले, "ज्येंनी नामंजूर म्हटल्यानी, तेंका हो ठराव लागू होवचो नाय?"

मला हसू आले. मी म्हटले, "लागू नाही म्हणजे? सभेने ठराव केला की तो साऱ्यांना लागू. नामंजूर म्हणणाऱ्याचा ऊसही त्याच भावाने आणि त्याच पाळीने जाणार. नाही तर कारखाना चालेल कसा?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मगे आमच्या दर्यात तसा कित्याक नाय?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला असेल. परंतु त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. वाचकहो, चकल्या-करंज्यांच्या ताटाशेजारी मासळीचे रडगाणे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण दिवाळी संपली की कोल्हापूर-सांगलीच्या किती घरांतून बांगड्याची आणि सुरमईची आठवण होते, हे मला ठाऊक आहे. घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध ताटापुरताच असतो, आणि ताट रिकामे पडेपर्यंत त्याला त्याची चौकशी करावीशी वाटत नाही. म्हणून आज ती चौकशी करतो.

प्रथम रापण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोल टाकत नेतात. त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढू लागतात. बायका, म्हातारे, शाळा बुडवून आलेली पोरे, सगळ्यांचे हात दोराला लागतात. जाळे वाळूवर आले की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. सहज हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी मिळाल्याशिवाय परत जावे लागत नाही. सहकारी कायदा ज्यांनी कधी वाचला नाही त्यांचा हा सहकार आहे. आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जावयाचे नाही हा त्यांचा उपविधी आहे. तो मोडण्याची छाती पूर्वी कोणाची होत नसे.

आता काय होते? रापणीचे जाळे किनाऱ्यापासून फार लांब जाऊ शकत नाही. मासळी किनाऱ्याला आली तर रापणकराला मिळावयाची. परंतु ती येण्याआधीच बाहेर मोठी यांत्रिक नौका उभी असते. पर्ससीनचे जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि तळाशी बटव्याच्या नाडीसारखे आवळून घेते. रात्री डोळे दिपवणारे दिवे लावून मासळी गोळा करण्याचा प्रकार निघाला. त्याला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ साली दुरुस्त करून दंडाची रक्कम लाखांत नेली. कायदा झाला, हे चांगलेच झाले. पण राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. त्याच्या पलीकडे, दोनशे मैलांपर्यंत, केंद्राचा. आणि दोनशे मैलांच्या पलीकडे? तेथे कोणाचाच नाही, किंवा सर्वांचा आहे. दोहोंचा अर्थ एकच होतो.

मासळीला मात्र हे बारा आणि दोनशे ठाऊक नाहीत. माझ्या भावाच्या दारचा बांगडा गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या पाण्यातून ये-जा करतो. आणि ज्याला आम्ही कुपा म्हणतो, त्या माशाची गोष्ट तर विचारूच नका. हिंदी महासागरात २००५ ते २००९ या काळात दोन लाखांहून अधिक कुप्यांच्या पाठीत खुणेची दोरी टोचून त्यांना पुन्हा पाण्यात सोडून दिले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खूण केलेले मासे पुढे महासागराच्या दूरदूरच्या भागांत सापडले. असा हा मासा कोणत्या देशाचा? ज्याच्या पाण्यात तो लहानाचा मोठा झाला त्याचा, की ज्याच्या जाळ्यात सापडला त्याचा? हा प्रश्न एका देशाच्या कायद्याने सुटावयाचा नाही. म्हणून देशांनी एकत्र येऊन मंडळ काढावयाचे, असा मार्ग निघाला.

असे मंडळ आपल्या महासागरासाठीही आहे. त्याचे नाव हिंदी महासागर टूना आयोग. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने १९९३ साली त्याच्या कराराला संमती दिली आणि १९९६ साली तो करार अमलात आला. सेशेल्स बेटांची राजधानी व्हिक्टोरिया, तेथे त्याचे कार्यालय. सुमारे तीस सभासद. भारत आरंभापासून त्यात आहे. सोळा जातींचे मासे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि वाचकहो, त्या सोळांत आपली सुरमईही आहे. म्हणजे कोल्हापुरात ज्या सुरमईच्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो, तिच्या भवितव्याचा विचार सेशेल्समध्ये होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

कागदावर हे मंडळ अगदी आमच्या सहकारी संस्थेसारखे आहे. देश मोठा असो वा चिमुकला, प्रत्येकाला मत एक. दहा गुंठेवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच मत, हे जसे येथे, तसेच तेथे. दोन-तृतीयांश मतांनी ठराव मंजूर झाला की तो बंधनकारक. येथपर्यंत वाचून माझ्यासारख्या ऊसनोंदणीच्या माणसाला भरून आले. परंतु पुढचे कलम वाचले आणि डोक्याला हात लावला. ते कलम असे, की ठराव मंजूर झाल्यावर एकशेवीस दिवसांच्या आत कोणत्याही सभासदाने 'माझी हरकत आहे' असे लिहून कळवले, तर तो ठराव त्याला लागू नाही. आणि एक-तृतीयांशाहून अधिक सभासदांनी हरकत घेतली, तर उरलेल्यांनाही तो पाळण्याचे बंधन नाही.

आता कल्पना करा. कारखान्याच्या सभेत ठरले की तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लागेल. घरी जाऊन शे-दोनशे सभासदांनी पोस्टकार्ड टाकले की ठराव उत्तम आहे, पण आम्हांला लागू नाही. आमचा ऊस आम्हांला वाटेल तेव्हा तोडू. असा कारखाना एक हंगाम तरी चालेल काय? वारणाकाठच्या या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून कारखाना उभा केला आणि १९५९ साली त्याचे पहिले गाळप झाले. सुरुवातीच्या सभासदांपैकी साऱ्यांनाच प्रत्येक ठराव पटला असेल, असे मी मानत नाही. पण न पटलेला ठरावही आपल्याला लागू असतो, ही एक गोष्ट त्यांनी मानली. सहकाराचा पाया भागभांडवलात नसून या एका गोष्टीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या पोस्टकार्डाने काय अनर्थ होतो, हे २०२३ साली दिसून आले. मोठ्या पर्ससीन जहाजांची तेथे एक युक्ती आहे. ती समुद्रात तरंगते तराफे सोडतात. तराफ्याला खाली जाळ्या आणि दोर लोंबत असतात आणि वर उपग्रहाशी बोलणारे यंत्र असते. भर समुद्रात सावली दिसली की मासळी तिच्याखाली गोळा होते, आणि किती गोळा झाली हे ते यंत्र जहाजाला कळवते. मग जहाजाने जावयाचे आणि वेढा घालावयाचा. या तराफ्यांखाली पिवळ्या पराच्या कुप्याची कोवळी पिल्लेच फार सापडतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर सहा महिन्यांचा ऊस तोडून गव्हाणीत टाकण्यासारखे हे आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केनियातील मोंबासा येथे आयोगाची खास सभा भरली. इंडोनेशियाने पुढाकार घेतला, भारतासह अनेक किनारी देश त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि ठराव मांडला गेला की वर्षातून बहात्तर दिवस या तराफ्यांवर मासेमारी करू नये. ठराव दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला. किनाऱ्यावरच्या गरीब देशांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग पोस्टकार्डे येऊ लागली. युरोपीय संघाने हरकत नोंदवली. ज्यांच्या बंदरांना आणि कारखान्यांना या जहाजांच्या येण्याजाण्यावर जगावे लागते, अशा काही किनारी देशांनीही नोंदवली. हरकतींचा आकडा एक-तृतीयांशाच्या पलीकडे गेला, आणि ठरावाचे बंधन साऱ्यांवरूनच उठले. पुढे २०२४ साली बँकॉकमध्ये दुसरा, सौम्य ठराव झाला. त्यात तराफ्यांची संख्या उतरवण्याचे आणि त्यांची नोंद ठेवण्याचे ठरले. बहात्तर दिवस मात्र हवेत विरले.

येथे मला माझ्या भावाची आठवण होते. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका सरकारी हुकुमाने बंद असतात. त्या दिवसांत कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि पोरांच्या शाळेची फी थांबत नाही. तरी मालवणचा, रत्नागिरीचा, सातपाटीचा कोळी ते दिवस काढतो. कारण पोटातली अंडी सोडावयास मासळीला सवड पाहिजे, हे त्याला बापाने सांगितलेले असते. एकसष्ट दिवस पूर्ण घरी बसणाऱ्या या माणसाने, नुसत्या तराफ्यांपुरते बहात्तर दिवस थांबण्यास नकार देणाऱ्यांकडून समुद्र कसा वाचवावा याचे धडे घ्यावयाचे काय?

युरोपच्या जहाजांना हिंदी महासागरातून हाकलून लावा, असे मी म्हणत नाही. कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, ज्याला आम्ही गेटकेन म्हणतो, तो कारखाना घेतोच. पण तो कारखान्याच्या अटींवर घेतो. बाहेरून आलेल्याने अटी घालाव्यात आणि आतल्या सभासदाने त्या पाळाव्यात, ही रीत कोणत्याही काट्यावर चालत नाही.

येथवर माझे म्हणणे पुष्कळांना पटेल. परक्याला दोष दिला की श्रोते खूश होतात, हे मी सभांतून शिकलो आहे. पण आता जे सांगतो ते ऐकून काही जण रागावतील. पिवळ्या पराच्या कुप्याचा उपसा फार होतो आहे असे शास्त्रज्ञांनी २०१५ साली सांगितले. म्हणून २०१६ साली पकड उतरवण्याचा ठराव झाला आणि पुढे तो वेळोवेळी कडक करण्यात आला. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली त्या दुरुस्त ठरावांवर ज्यांनी हरकतीचे पत्र पाठवले, त्यांत आपला भारतही होता! २०२१ साली आपल्याबरोबर इंडोनेशिया, इराण, ओमान, मादागास्कर आणि सोमालिया हेही होते. म्हणजे मोंबासात ज्या शस्त्राने आपला घात झाला, ते शस्त्र आपण स्वतः आधी दोनदा चालवून पाहिलेले होते. 'मंजूर, पण आम्हांला लागू नाही' हे वाक्य केवळ युरोपच्या तोंडी आहे, असे कोणी समजू नये. ते आपल्याही तोंडी आहे.

यावर आपल्या बाजूने जे सांगितले जाते ते मी प्रामाणिकपणे मांडतो. पहिला मुद्दा असा, की समुद्र ओरबाडला दुसऱ्यांनी. आपले मच्छीमार गळाने, लहान जाळ्याने मासे धरणारे. लक्षद्वीपच्या मिनिकॉयला तर अजून काठीला दोरी बांधून एकेक कुपा उचलतात. त्यांच्या आणि यांत्रिक आरमारांच्या पकडीवर एकाच टक्क्याने कुऱ्हाड चालवणे अन्याय्य आहे. हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. परंतु अन्याय्य ठराव बदलून घेण्याची जागा सभा आहे, पोस्टकार्ड नव्हे. आपल्या हरकतीने मिनिकॉयच्या कोळ्याचे संरक्षण झाले की युरोपच्या जहाजाला वाट मोकळी झाली, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? आपण एकदा दार उघडे ठेवले की त्यातून कोण आत येईल हे ठरवणे आपल्या हाती राहत नाही.

दुसरा मुद्दा असा, की स्वतंत्र राष्ट्राला त्याच्या इच्छेविरुद्ध बांधून घेणे म्हणजे सार्वभौमत्व सोडणे. हा मुद्दा ऐकला की मला जुने बागायतदार आठवतात. 'माझ्या उसाला कोयता कधी लावायचा हे कारखान्याने मला सांगावे काय?' असे ते छातीवर हात ठेवून विचारीत. त्यांचे सार्वभौमत्व गुऱ्हाळाच्या चिमणीएवढे उंच असे, आणि गुळाचा भाव पडला की ते त्याच धुरासारखे विरून जाई. मग तेच लोक नोंदीसाठी माझ्या टेबलापुढे रांगेत उभे राहत. पुढच्या पावसाळ्यात मासा येईल की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असताना, माझे सार्वभौमत्व अबाधित आहे असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

तिसरा मुद्दा शास्त्रज्ञांविषयी. त्यांचे आकडे बदलतात. २०१५ साली संकट सांगितले, २०२४ सालच्या नव्या मोजणीत तोच कुपा धोक्याच्या रेषेबाहेर असल्याचे निष्पन्न झाले. मग त्यांच्या सांगण्यावरून पोटावर पाय का द्यावा? माझे उत्तर साधे आहे. आम्हीही हंगामाआधी उसाचा अंदाज बांधतो आणि तो चुकतो. म्हणून कोणी नोंदी जाळून टाकत नाही. अंदाज चुकतो तो मुख्यत्वे नोंद खोटी किंवा अपुरी असते म्हणून. ज्या सभासदाने आपल्या पकडीचा हिशेब नीट दिला नाही, त्यानेच शास्त्रज्ञाला खोटे ठरवावे, हे बरे नव्हे.

असे बंधन कोठे टिकले आहे काय, असे विचाराल तर टिकले आहे. उत्तर प्रशांत महासागरात फर-सीलची शिकार इतकी वाढली होती की ते प्राणी संपण्याच्या मार्गावर होते. १९११ साली अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडातर्फे ब्रिटन यांनी करार केला की भर समुद्रात शिकार कोणी करावयाची नाही. जमिनीवर, आपल्या बेटांवर, अमेरिका आणि रशिया ठरावीक शिकार करतील आणि त्या कातड्यांचा ठरावीक हिस्सा जपानला आणि कॅनडाला देतील. थांबणाऱ्याला वाटा मिळाला, म्हणून तो थांबला, आणि कळप पुन्हा वाढले. हा तर रापणीचाच न्याय आहे! १९२३ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी हॅलिबट माशासाठी हिवाळ्यातले तीन महिने बंदी पाळण्याचे ठरवून मंडळ काढले, ते मंडळ आजही काम करते.

आणि दुबळ्यांनी एकी केली तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर प्रशांत महासागरातील आठ लहान देशांकडे पाहावे. किरिबाती, तुवालू, नाउरू अशी त्यांची नावे भूगोलाच्या पुस्तकातही सापडत नाहीत. १९८२ साली त्यांनी नाउरू करार केला. परदेशी जहाजे पूर्वी एकेका देशाला गाठून स्वस्तात परवाने काढीत, जसा गावात येणारा दलाल एकेका शेतकऱ्याला गाठतो. २००७ पासून या देशांनी एकत्रितपणे मासेमारीचे दिवस मोजून विकावयास काढले. वर्षाचे इतकेच दिवस, आणि दिवसाला किमान इतका दर. घ्यावयाचे तर घ्या. दहाएक वर्षांत त्यांचे उत्पन्न सुमारे सहा कोटी डॉलरांवरून पन्नास कोटी डॉलरांच्या आसपास गेले. त्यांच्यापाशी आरमार नव्हते. होती ती फक्त एकमेकांना फसवावयाचे नाही ही अट.

याउलट न्यू फाउंडलंडचा कॉड मासा. त्याच्यासाठीही १९४९ च्या कराराने मंडळ निघाले होते. सभा झाल्या, अहवाल छापले गेले, आणि १९६८ साली त्या मासळीची पकड सुमारे आठ लाख टनांवर पोहोचली. १९७७ साली कॅनडाने दोनशे मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढले. आता समुद्र आपला, असे म्हणून मग स्वतःची जहाजे मोकाट सोडली. १९९२ साली मासाच उरला नाही. मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. ती २०२४ साली, बत्तीस वर्षांनी, लहानशा कोट्यापुरती पुन्हा उघडली. परक्याला हाकलले म्हणजे समुद्र वाचत नाही, हे यावरून मालवणला, मुंबईला आणि दिल्लीलाही समजावे.

वारणेच्या काठी बसून मी हे लिहितो आहे. या नदीलाही हा रोग ठाऊक आहे. पाथरपुंजच्या डोंगरात उगम पावून चांदोलीच्या धरणात विसावलेली ही नदी हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेबरोबर राज्ये ओलांडीत पूर्व समुद्राला जाते. तिच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने १९७३ साली दोन हजार साठ टीएमसी पाण्यातून महाराष्ट्राला पाचशे साठ, कर्नाटकाला सातशे आणि आंध्राला आठशे असे वाटे सांगितले. परंतु साऱ्या खोऱ्याचा कारभार एकत्र पाहील अशा प्राधिकरणाची जी दुसरी योजना लवादापुढे होती, ती राज्यांचे एकमत न झाल्याने कागदावरच राहिली. म्हणजे कृष्णेत वाटा ठरला, पण वाटणारा बसवला नाही. तिकडे महासागरात वाटणारा बसवला, पण वाटा ठरत नाही. कोणत्या देशाला किती कुपा, हे ठरवण्यासाठी २०११ साली सुरू झालेल्या बैठका दहा-बारा वर्षे चालूनही निकाल लागला नाही. वाटा, वाटणारा आणि ठरलेले पाळण्याचे बंधन या तीन गोष्टी एके ठिकाणी आल्याशिवाय सामाईक वस्तू टिकत नाही. तिच्यातले एक कमी पडले की जे उरते ते फक्त भांडण.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिली ही, की भारताने कुप्याच्या ठरावांवरील आपल्या हरकती स्वतः मागे घ्याव्यात आणि मग आयोगाच्या सभेत ताठ मानेने उभे राहून हे हरकतीचे कलम काढून टाकण्याची मागणी करावी. लहान मच्छीमाराला जे हवे आहे ते ठरावातच लिहून घ्यावे; ठरावाबाहेर पळवाट ठेवून नव्हे. दुसरी ही, की आधी आपले अंगण झाडावे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचा बांगडा आणि तारली एकच आहे. मग त्यांचे एक मंडळ का असू नये? त्यात मोठ्या नौकांच्या मालकांबरोबर रापणकर आणि डोलजाळीवाले यांनाही एकेक मत असावे, आणि ज्याची नौका नियम मोडील त्याच्या राज्याने तिला पाठीशी घालू नये. शेजारच्या राज्याच्या कोळ्याशी ज्याला जमवून घेता येत नाही, त्याने स्पेन आणि फ्रान्सला काय शिकवावे?

सहकारातले दोष मला ठाऊक नाहीत असे नव्हे. अहवाल न वाचता 'मंजूर' ओरडणारेही मी पाहिले आहेत आणि ठराव मंजूर झाल्यावर नोंदलेला ऊस रात्री दुसऱ्या वाटेने नेणारेही पाहिले आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्यांना मान खाली घालून माझ्यापुढे खुलासा लिहून द्यावा लागे. नियम मोडणारा सगळीकडे असतो. नियम मोडण्याचा हक्कच घटनेत लिहून ठेवणारी संस्था मात्र मी समुद्रावरच पाहिली.

भाऊ परत निघाला तेव्हा मी त्याला हे सारे समजावून सांगितले. कुप्याची फिरती, मोंबासा, पोस्टकार्डे, सगळे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. एसटीत चढताना तो एवढेच म्हणाला, "रापणीत दोर सोडून पळता, तेका वाटो नाय. इतक्या शिकलेल्यांका ह्या कळना नाय?"

मला त्याच्यावर उत्तर सुचले नाही. तुम्हांला सुचले तर जरूर कळवा. दिवाळी संपली की पहिली मासळी घरात येईल. ती चिरताना घरातल्या मुलांना एवढे सांगा, की हा मासा पाच राज्यांचा आणि तीस देशांचा आहे, आणि तो राखावयाचा असेल तर आपल्याला न पटलेला ठरावही कधी कधी आपल्याला लागू करून घ्यावा लागतो.